दातवाल्या ताईंची परदेशी भट्टी

आमच्या इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर ज्या बाई एकट्या राहतात, त्यांना सगळे दातवाल्या ताई म्हणतात. त्यांचे दात पुढे आहेत असं समजू नका. त्या कवळ्या बनवतात. दातांचे डॉक्टर तोंडात तो थंडगार लगदा दाबून ठसा घेतात, तो ठसा डबीत बसून ताईंच्या लॅबमध्ये येतो. मग त्या त्यात प्लास्टर ओतून साचा काढतात, मेणात एकेक दात लावतात, घासतात, चकचकीत करतात. माझे वरचे सगळे दात त्यांच्या हातचे आहेत, आमच्या मंडळींचे खालचे. त्यामुळे आमच्या घरात कुणाचा कुणावर दात असलाच, तर तो ताईंनी केलेला असतो.

मी वीज कंपनीत मीटर रीडर होतो. सगळी नोकरी लोकांच्या जिन्याखाली वाकून आकडे वाचण्यात गेली. निवृत्त झालो तरी खोड गेली नाही. सकाळी दूध आणायला उतरलो की जिन्याखालच्या फळीवरचे सगळे मीटर मी बघून घेतो. लोक पेपर वाचतात, मी हे वाचतो. कोणाकडे पाहुणे आलेत, कोण भांडून माहेरी गेलंय, कोणाचा फ्रीज म्हातारा झालाय, सगळं तिथे कळतं. मला माणसांशी फार बोलायला आवडत नाही, मीटरशी माझं बरं जमतं. ताईंची आई गेली त्या महिन्यात त्यांचा आकडा निम्म्यावर आला. आईच्या खोलीतला पंखा, शेकायला लागणारं गरम पाणी, दिवसभर चालणारा टीव्ही, सगळं एकदम थांबलं. ताईंचं रडणं मला कधी ऐकू आलं नाही, पण तो आकडा मी दोनदा वाचला.

त्यानंतर त्या मातीच्या नादाला लागल्या. लॅबमधली एक मैत्रीण त्यांना हौशी लोकांच्या कुंभारकामाच्या वर्गाला घेऊन गेली. मैत्रीण दोन रविवारांत नखं खराब होतात म्हणून कंटाळली, ताई मात्र चिकटल्या. दिवसभर प्लास्टर कालवणारी बाई संध्याकाळी माती कालवायला बसते, हे आमच्या मंडळींना काही केल्या समजेना. "हाताला जरा तरी विसावा द्यायचा," त्या म्हणायच्या. ताई हसून म्हणायच्या, "वहिनी, दात दुसऱ्यासाठी असतात. हे माझं."

चाक त्यांनी आईच्या खोलीत बसवलं. वाडगे, पेले, बुटक्या बरण्या, पसरट ताटल्या. हात मूळचाच बारीक कामाचा, त्यामुळे वर्षभरात भांडी अशी काही सुबक व्हायला लागली की काय सांगावं. पण कच्चं भांडं म्हणजे नुसती वाळलेली माती. ते भाजलं पाहिजे, आणि भाजायला भट्टी पाहिजे. तिथे अण्णा आले.

अण्णा शहराच्या पार टोकाला राहतात. विजेच्या खांबांवर पांढऱ्या चिनी मातीच्या ज्या वाट्या असतात, त्यांच्या कारखान्यात त्यांनी भट्टी सांभाळली होती. मी त्यांना तेव्हा कधी पाहिलं नव्हतं, पण त्यांच्या वाट्यांखालून मी आयुष्यभर सायकल चालवली, त्यामुळे माणूस आपल्यातलाच वाटायचा. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी स्वतः विटा रचून गॅसवरची भट्टी बांधली होती आणि तिथे चार हौशी लोक आपापली भांडी आणायचे. एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर, एक नर्सबाई, आणखी कुणी येऊन-जाऊन, आणि ताई.

अण्णांचे नियम दोनच होते, पण कडक. पहिला, भट्टी गच्च भरल्याशिवाय पेटवायची नाही. अर्धी भट्टी पेटवली तर गॅस तेवढाच जातो आणि आच नीट धरत नाही. दुसरा नियम जरा विचित्र. ज्यांची भांडी आत आहेत, ती सगळी माणसं हजर असल्याशिवाय दार काढायचं नाही. कुणाचं फुटलं, कुणाचं साधलं, ते सगळ्यांनी एकदमच बघायचं. म्हणजे मागाहून कुणी कुणाला बोल लावत नाही, असं अण्णांचं म्हणणं. एकदा नर्सबाईंची ड्यूटी बदलली, तर बाकीचे दुपारपर्यंत बंद दारासमोर बसून राहिले.

"पण तिथे दिवसभर करता काय?" मी एकदा ताईंना जिन्यात विचारलं.

"बसतो."

"नुसते?"

"अण्णा भोकातून आत बघतात आणि गॅस जरासा वाढवतात. मग आम्ही परत बसतो. मास्तर विनोद सांगतात. तेच तेच असतात, भाऊ, पण आम्ही हसतो."

हे सांगताना त्यांचा चेहरा असा काही फुलला होता, की मी पुढे थट्टा केली नाही. ताईंच्या लॅबमध्ये मशीनचा आवाज एवढा असतो की कुणी कुणाशी बोलत नाही. घरी बोलायला कुणी नाही. आम्ही खालचे शेजारी म्हणजे काय, जिन्यात भेट झाली तर बोलणं. भट्टी भरली की पेटवायचा आणि उघडायचा असे दोन दिवस, तेवढाच त्यांचा गोतावळा. हे मला तेव्हाही कळत होतं. त्यांना मात्र उशिरा कळलं.

घोडं अडायचं ते भट्टी भरण्यात. मास्तर महिन्यातून एखादं भांडं करायचे, तेही मोडून परत करायचे. नर्सबाईंना वेळ मिळायचा नाही. ताईंचा हात झपाट्याचा, त्यांची भांडी आईच्या खोलीत फळ्यांवर कच्चीच साठत जायची. कधी कधी भट्टी पेटायला अडीच-तीन महिने लागायचे. त्यात एकदा असं झालं, की ताईंनी एक मोठा उथळ वाडगा केला होता, आत निळी झिलई, भाजल्यावर काचेसारखी चकाकणारी, काठ कागदासारखा पातळ. सगळ्या हिवाळ्याचं काम. भट्टीत वरच्या फळीवर मास्तरांची बरणी होती, तिची झिलई वितळून ओघळली आणि नेमकी या वाडग्यात पडली. दार काढलं तेव्हा निळ्या वाडग्यात तपकिरी डबकं. मास्तर बिचारे रडायच्या बेताला आले. ताईंनी त्यांची समजूत घातली, हसल्या, वाडगा वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणला आणि त्याच आठवड्यात परदेशातून स्वतःची भट्टी मागवली.

मला त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवला. पिंपाएवढी चकचकीत भट्टी, शेजारी एप्रन घातलेली एक गोरी बाई जगातली सगळी दुःखं संपल्यासारखी हसतेय. पुढे एक पॅनल, त्यावर बटणं. आच किती, किती तास, किती सावकाश वाढवायची, सगळं एकदा भरून दिलं की भट्टी आपली आपण चालते आणि आपली आपण बंद होते. पॅनलचे वेगळे पैसे होते. ताई म्हणाल्या, घ्यायचीच तर पॅनलवालीच घेते, दिवसभर समोर बसायची कटकट नको. आपल्याकडे अशी घरगुती भट्टी मिळत होती ती एकतर कारखान्याएवढी मोठी नाहीतर खेळण्यासारखी. या भट्टीची किंमत ऐकून मीसुद्धा म्हटलं, बरी आहे की.

त्या किमतीला पुढे जे शेपूट फुटलं, ते बघून माझे डोळे पांढरे झाले. मी सरकारी बिलं घरोघर पोचवलेला माणूस, बिलातल्या बारीक अक्षरांना सहसा घाबरत नाही. पण इथे आधी बोटीचं भाडं. मग विमा. बोट बंदराला लागल्यावर कळलं, की भाडं फक्त बंदरापर्यंतचं होतं. पेटी उतरवायचे वेगळे, मोजायचे वेगळे, कागद पुढे सरकवणाऱ्या एजंटाचे वेगळे. मग कस्टम्स. किमतीवर जकात, भाड्यावर जकात, विम्यावर जकात, आणि या सगळ्याची बेरीज करून त्या बेरजेवर आणखी एक कर. विकणाऱ्यांच्या पानावर यातलं काहीच लिहिलं नव्हतं असं नाही. तळाशी एक ओळ होती, 'स्थानिक शुल्क ग्राहकाकडे'. तीन शब्दांत त्यांनी काखा वर केल्या होत्या.

कस्टम्सच्या गोदामात मी ताईंबरोबर गेलो. जायला नको म्हणत होतो, पण आमच्या मंडळींनी पिशवीत पाण्याची बाटली घालून मला अक्षरशः बाहेर ढकललं. खिडकीतला कारकून चांगला होता, तरुण, दमलेला.

"माल काय आहे?"

"भट्टी," ताई म्हणाल्या.

"कसली भट्टी?"

"मातीची भांडी भाजायची."

"म्हणजे कारखाना आहे तुमचा."

"नाही हो. हौस म्हणून."

त्याने स्क्रीनवर वर-खाली बघितलं. "हौस म्हणून रकाना नाही, मॅडम. यंत्रसामग्री आहे, नाहीतर घरगुती वस्तू आहे. घरगुती म्हणावं तर एवढं वजन नाही बसत."

मग यंत्रसामग्री झाली, आणि यंत्रसामग्रीचे दर वेगळे. त्यात लाकडी पेटीवर कीड मारल्याचा शिक्का नव्हता. आतल्या भट्टीचं राहू द्या, पेटीच्या फळ्यांतून परदेशी किडे येतील म्हणून पेटीला धुरी द्यायला पाहिजे. धुरीचा खर्च ताईंचा, आणि धुरीला नंबर लागेपर्यंत गोदामाचं रोजचं भाडंही ताईंचं. मी त्या कारकुनाशी जरा भांडलो. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि मला पाणी विचारलं, त्यामुळे माझा राग तिथेच बसला.

भट्टी अखेर घरी आली. चार हमालांनी जिन्यातून वर चढवली आणि उघडून बघतो तर आतल्या दोन विटा तडकलेल्या. विकणाऱ्यांना फोटो पाठवले. त्यांचं उत्तर फार गोड होतं. भट्टी परत पाठवा, भाडं तुमचं, नाहीतर आम्ही विटा पाठवतो, भाडं तुमचंच. ताईंनी एक दिवस विचार केला आणि लॅबमध्ये धातूचे दात ओतताना साच्याला जो आच सोसणारा मसाला वापरतात, तो स्वतःच्या पैशाने आणून तडा बुजवला. कवळी बसवावी तसा बुजवला, बोट फिरवलं तरी जोड लागत नव्हता. त्या दिवशी मी त्यांच्या पाया पडायचाच बाकी होतो.

नंतर माझी पाळी आली. त्यांच्या घराचा मंजूर लोड म्हणजे एक बाई, एक फ्रीज आणि दोन पंखे यांच्यापुरता. लोड वाढवायचा अर्ज, अनामत, जिन्याखालून वरपर्यंत अंगठ्याएवढी जाड केबल, वेगळा एमसीबी. इमारतीच्या बैठकीत लोक कुरकुरले, आमचे दिवे मंद होतील, आग लागेल. मी उभा राहून सांगितलं, की तुमच्यातल्या तिघांच्या गीझरना अर्थिंग नाही हे मला माहीत आहे, मी कधी काही बोललो का? बैठक लगेच संपली. तोवर भट्टीची किंमत दुपटीच्या पुढे गेली होती. मी ताईंना म्हटलं, "अजून विचार करा. कुणाला तरी विकून टाकू." त्या म्हणाल्या, "इतके घातल्यावर आता मागे कसं फिरायचं, भाऊ?" एवढे पैसे गेले की माणूस पुढेच जातो.

या सगळ्या महिन्यांत त्या अण्णांकडे गेल्या नाहीत. सुरुवातीला सुट्ट्या गोदामात आणि वीज कचेरीत गेल्या. नंतर, आपल्या नव्या भट्टीत पहिली खेप आपलीच जायला हवी म्हणून त्यांनी कच्ची भांडी राखून ठेवली. अण्णांचा एकदा फोन आला होता. निम्मी भरलीय, येतेयस ना? ताई म्हणाल्या, या वेळी नाही, अण्णा. भट्टी घेतली हे सांगायला जीभ रेटली नाही. मास्तरांवर राग धरून घेतली असं सगळ्यांना वाटेल, ही भीती. सांगेन नंतर, सांगेन नंतर, असं करता करता सांगायचं राहूनच गेलं.

पहिल्या दिवशी त्यांनी लॅबमध्ये रजा टाकली. पॅनलमध्ये आकडे भरले, बटण दाबलं. मी केबल तापते का ते बघायला वर गेलो होतो. भट्टी फ्रीजसारखी हलकेच गुरगुरत होती, हिरवा दिवा लागला होता आणि समोर ताई खुर्ची घेऊन बसल्या होत्या. करायला काहीच नव्हतं. भोकातून बघायचं नव्हतं, काही वाढवायचं नव्हतं. तरी त्या संध्याकाळपर्यंत तिथेच बसून होत्या, असं आमच्या मंडळींनी सांगितलं. मंडळी कोरडी बिस्किटं घेऊन वर गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर टकटक. "भाऊ, तुम्ही येता का? उघडायचीय."

मी गेलो. ताईंनी झाकण वर केलं आणि एकेक वाडगा काढून माझ्या हातात दिला. अजून कोमट होते. एकही फुटला नव्हता, कशावर काही ओघळलं नव्हतं. मी म्हटलं, "छान आहेत." दुसरा दिला, मी म्हटलं, "हाही छान आहे." तिसऱ्यालाही तेच म्हटलं. मला भांड्यातलं काय कळतं? त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. या निळ्यात हिरवट छटा आली आहे ना, असं त्यांनी विचारलं, मी हो म्हटलं, खरं तर मला तो नुसता निळा दिसत होता. मग माझा चहा निवेल म्हणून मी खाली आलो.

त्याच दिवशी त्यांनी विकणाऱ्यांना एक लांबलचक मेल लिहिला. पहिली खेप कशी निघाली, तडा कसा बुजवला, निळ्या झिलईचे फोटो, सगळं. भाषा बरोबर आहे ना, म्हणून मला वाचून दाखवला. पैशाबद्दल एक शब्द नव्हता त्यात. मला जरा चमत्कारिक वाटलं, पण म्हटलं, असेल. उत्तर लगेच आलं. 'आपली तक्रार बंद करण्यात आली आहे. आमच्या सेवेला किती तारे द्याल?' ताईंनी पाच दिले.

मग त्या सुटल्याच. दर आठवड्याला भट्टी. कुणासाठी थांबायचं नव्हतं, कुणाची वाट बघायची नव्हती. आईच्या खोलीतल्या फळ्या भरल्या, बाहेरच्या खोलीतलं कपाट भरलं, पलंगाखाली खोकी गेली. आम्हाला सहा वाडगे मिळाले, वरच्या-खालच्या सगळ्यांना मिळाले, नंतर लोक हसतमुखाने नको म्हणायला लागले. जिन्याखाली ताईंचा मीटर असा पळायला लागला, की नवा माणूस म्हणाला असता, या घरात दहा माणसांचं कुटुंब आहे, पोरंबाळं आहेत, सारखं काहीतरी चाललंय. सगळ्या आयुष्यात मीटर माझ्याशी खोटं बोलला तो हाच.

आणि ताई वाळायला लागल्या. पूर्वी जिन्यात भेटल्या की अण्णा असं म्हणाले, मास्तरांनी तसं केलं, असं काहीतरी सांगायच्या. आता 'बरं आहे' म्हणून पुढे जायच्या. एकदा आमच्या मंडळींनी सरळ विचारलं, "तुम्ही जात नाही का हो हल्ली तिकडे?" ताई म्हणाल्या, "रिकाम्या हाताने कसं जाऊ, वहिनी? तिथे भांडी घेऊनच जातात." मंडळी घरात येऊन माझ्यावरच चिडल्या. मी म्हटलं, माझा काय संबंध? त्या म्हणाल्या, केबल कुणी ओढली?

शेवटी एका रविवारी ताई गेल्या. आपल्या भट्टीतला सगळ्यात चांगला वाडगा गुंडाळून घेतला, दोन बस बदलून अण्णांच्या घरी पोचल्या. संध्याकाळी परत आल्या त्या वर न जाता आमच्या दारातच पायरीवर बसल्या. वाडगा हातात तसाच होता. मंडळींनी पाणी दिलं. मग त्यांनी जे सांगितलं ते असं.

शेडमध्ये भट्टी नव्हती. भट्टीची जागा झाडून स्वच्छ केलेली होती आणि तिथे कुणाची तरी स्कूटर उभी होती. अण्णा घरात रेडिओ ऐकत बसले होते. ताईंना बघून त्यांना आनंद झाला, राग वगैरे काही नाही. बस म्हणाले, चहा ठेव म्हणाले.

"भट्टी कुठे गेली, अण्णा?"

"मोडली. विटा बेकरीवाल्याने नेल्या. चांगल्या होत्या, वाया कशाला घालवायच्या?"

"पण का?"

"भरेना गं. तू यायची थांबलीस, मग निम्मीच राहायला लागली. मास्तरांची चार आणि नर्सबाईंची दोन, तेवढ्यात काय होतंय? आम्ही थांबलो बरेच दिवस. मग मास्तरांची कच्ची भांडी दमट हवेने खचली. ते म्हणाले, अण्णा, आता राहू द्या." अण्णा हे अगदी सहज सांगत होते, म्हणे. "तुझ्या भांड्यांनीच भरायची ती. आम्ही सगळे तुझ्या फटीफटीतून बसायचो."

हे ताईंना ठाऊकच नव्हतं. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, की आपण फार जागा अडवतो, आपल्यामुळे बाकीच्यांची अडचण होते. मग त्यांनी आपल्या भट्टीचं सांगितलं. अण्णांनी वाडगा हातात घेतला, उजेडाकडे तिरका धरला, काठावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, निळ्यात हिरवं चांगलं आलंय. ताई म्हणाल्या, तुम्ही या ना माझ्याकडे, माझ्या भट्टीवर बसू आपण. अण्णांनी विचारलं, "तुझी ती आपोआप चालते ना?" ताई हो म्हणाल्या. "मग मी येऊन काय करू?" ताई निघाल्या. वाडगा अण्णांना द्यायला नेला होता, तो उठताना चुकून परत आणला.

त्या रात्री मंडळी जेवल्या नाहीत. मलाही फार वाईट वाटलं, आणि राग आला. कुणाचा आला ते सांगता येत नाही. त्या गोऱ्या बाईचा असेल. जकात, धुरी, भाडं, अनामत, सगळ्याची पावती ताईंकडे होती. ही पावती मात्र कुणी दिली नव्हती आणि रक्कम सगळ्यात मोठी हीच होती.

दोन-तीन आठवडे भट्टी बंद राहिली. मीटर जुन्या आकड्यावर आला. मग एका दुपारी त्यांनी मला वर बोलावलं, प्लग सैल झालाय, ठिणगी उडते. मी खाली बसून स्क्रू आवळत होतो. ताई चाकावर होत्या, कोपरापर्यंत माती. मध्येच त्यांनी चाक थांबवलं, करंगळीने फोन लावला आणि स्पीकरवर टाकून स्टुलावर ठेवला. मला वाटलं लॅबचा असेल.

"अण्णा, मी बोलतेय."

"बोल गं."

"माझ्या भट्टीचं ते पॅनल बंद पडलंय. आता हातानेच चालवावी लागणार. मला काही ते जमायचं नाही. तुम्ही याल का?"

मी मान वर केली. पॅनल माझ्या नाकासमोर होतं, हिरवा दिवा झक्क लागलेला. ताई माझ्याकडे बघत नव्हत्या.

"गॅरंटी असेल ना?" अण्णा म्हणाले. "कळव त्यांना. उगीच हात लावू नकोस, झटका बसेल."

"त्यांना फार वेळ लागतो, अण्णा. तिकडून सामान यायचं म्हणजे."

"मग थांब की. मातीला कसली घाई?"

"हो," ताई म्हणाल्या. आता फोन ठेवतील असं वाटलं. त्यांनी फोन ठेवला नाही, पलीकडून अण्णांनीही ठेवला नाही. मागे त्यांचा रेडिओ चालू होता. मी स्क्रू ड्रायव्हर हातात धरून तसाच बसलो, आवाज होऊ नये म्हणून.

"अण्णा, काही बिघडलेलं नाही," ताई म्हणाल्या. आवाज साधाच होता, जरा घोगरा. "मी खोटं बोलले. भट्टी चांगली चालतेय. मला एकटीला तिच्यासमोर बसवत नाही. म्हणून तुम्ही या. करायला काही नाही इथे. नुसतं बसायला या."

पलीकडे रेडिओ बंद झाल्याचा आवाज आला. मग अण्णा खोकले.

"तू राहतेस कुठे गं?" त्यांनी विचारलं.

इतकी वर्षं ताई त्यांच्याकडे जात होत्या. कस्टम्सकडे त्यांचा पत्ता होता, एजंटाकडे होता, विमावाल्यांकडे, वीज कंपनीकडे आणि सातासमुद्रापलीकडच्या त्या बाईकडेही होता. भट्टीवरच्या माणसांना मात्र त्या कुठून येतात हे कधी विचारावंच लागलं नव्हतं, कारण त्याच जायच्या. ताईंनी मातीचे हात मांडीवर ठेवले आणि अगदी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. कोणती बस, कुठे उतरायचं, औषधाचं दुकान, मग पाण्याची टाकी, मग बोळ.

"लिहून घेतो थांब," अण्णा म्हणाले. पेन सापडायला त्यांना वेळ लागला. मग त्यांनी सगळं परत म्हणून दाखवलं, आणि टाकीपाशी चुकीचं वळण घेतलं.

"डावीकडे नाही, अण्णा, उजवीकडे," ताई म्हणाल्या. अण्णांनी पुन्हा डावीकडेच म्हटलं. ताईंनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, सावकाश, एकेक खूण थांबून थांबून. शेवटी म्हणाल्या, "नाहीच सापडलं तर तिथेच उभे राहा. मी घ्यायला येते."